मागे उरणाऱ्यांचा शेवट

चित्रपटाच्या शेवटासंबंधी आपल्याकडे होणारी चर्चा बहुधा दोनच प्रश्नांभोवती घोटाळत राहते: शेवट सुखाचा की दुःखाचा, आणि तो आधी ओळखता आला की नाही. पहिला प्रश्न आपल्या नाट्यपरंपरेने आणि इंग्रजी अमदानीत पाठ केलेल्या शोकांतिकेच्या व्याख्येने मिळून आपल्या पदरी टाकला. दुसरा अलीकडचा असून रहस्यकथांच्या आणि जाहिरातींच्या धंद्याने तो रूढ केला आहे. एखादा शेवट वर्षानुवर्षे मनातून का जात नाही, याचा उलगडा या दोहोंपैकी कोणत्याही प्रश्नाने होत नाही. दुःखद अखेरीचे कितीतरी बोलपट आपण पाहिले, रडलो आणि विसरलो. अनपेक्षित शेवट तर दुसऱ्या खेळालाच अपेक्षित होऊन बसतो, आणि तरीही काही शेवट दहाव्यांदा पाहतानाही पहिल्याइतकेच झोंबतात. तेव्हा कसोटी निराळी असली पाहिजे. माझ्या मते ती अशी, की कथा संपताना कोण गेले, कोण मेले, कोणाला कोण मिळाले, यापेक्षा पडद्यावर मागे कोण उरले आणि त्या उरलेल्याला किती ठाऊक आहे, यावर शेवटाचे सामर्थ्य ठरते. याचे कारण फारसे गूढ नाही. दिवे लागल्यावर प्रेक्षकही मागे उरलेलाच असतो. ज्याच्याशी त्या क्षणी त्याचे खरे नाते जुळते तो वैकुंठाला गेलेला किंवा फासावर चढलेला नायक नसून, त्या नायकावाचून उद्याचा दिवस काढावा लागणारा दुसराच कोणीतरी असतो.

पवईत राहणाऱ्या माणसाला असे वाटण्यास थोडे स्थानिक कारणही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईला पाणी पुरविण्यासाठी बांधलेला, आणि ज्याचे पाणी आज कोणी पीत नाही असा एक तलाव. त्याच्या एका अंगाला १९५८ साली स्थापन झालेली भारतीय प्रौद्योगिकी संस्था, जिला सारे जग आयआयटी म्हणते. दुसऱ्या अंगाला हफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी ग्रीक-रोमन खांबांच्या थाटात रचलेली हिरानंदानीची उत्तुंग वसाहत. आणि पलीकडे चांदिवलीचा स्टुडिओ, अशी या उपनगराची चतुःसीमा आहे. इथल्या रस्त्यांवर परदेश उभा करून चित्रीकरण करण्याची वहिवाट जुनी आहे. सकाळी कमानीखाली पाश्चात्य शहर दिसते, सायंकाळी दिवे, तारा आणि खुर्च्या गाड्यांत भरून मंडळी निघून जातात, आणि त्याच कमानीखालून आम्ही भाजीची पिशवी घेऊन घरी येतो. पडद्यावरचे जग उठून गेल्यावर जागेवर काय शिल्लक राहते, हे आम्हांला फुकटात पाहावयास मिळते.

आपल्या परंपरेला हा मागे उरणारा मनुष्य अपरिचित नव्हता. संस्कृत नाटकात नायकाला फलप्राप्ती झाली, दुरावलेली पत्नी किंवा गेलेले राज्य परत मिळाले, तरी नाटक तेवढ्यावर आटोपत नाही. अखेरीस भरतवाक्य येते, आणि त्यात वेळेवर पर्जन्य, प्रजेचे कल्याण, सज्जनांची भरभराट असे काही मागितले जाते. हे मागणे नायकासाठी नसते, घरी परतणाऱ्या सामाजिकांसाठी असते. कीर्तनकार आख्यान संपवितो ते पसायदान आणि आरती यांच्या दिशेने; श्रावणातल्या कहाणीचे फळ कहाणीतल्या राणीला मिळून भागत नाही, ते ऐकणारीलाही मिळावे लागते. म्हणजे कथा संपविणे याचा अर्थ श्रोत्याची रीतसर पाठवणी करणे, असाच आपल्याकडे होता. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, तो या रीतीला सोडून नव्हता. देव प्रकट होतो, सत्त्वपरीक्षा संपते, आणि सर्वांना सर्व काही परत मिळते. तिथे मागे कोणी उरतच नाही. त्या काळच्या प्रेक्षकाला तीच समाप्ती हवी होती, आणि तिच्यात कमीपणा काही नाही. पण हलती चित्रे पाहण्याच्या नवलाखेरीज तिने त्याच्या मनावर कोणतेही ओझे ठेवले नसावे.

ओझे ठेवणारा पहिला मोठा मराठी शेवट १९३६ सालचा. प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये दामले-फत्तेलाल यांनी तुकोबांना गरुडाच्या आकाराच्या विमानातून वैकुंठास नेले आहे, आणि आजच्या तरुणाला ते विमान पाहून हसू आले तर मी त्याला दोष देणार नाही. पुढल्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव पावलेला हा चित्रपट त्या विमानामुळे मोठा झालेला नाही. त्याचे मोठेपण जमिनीवर आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम जितका निर्विकार, तितकी गौरी या नटीने उभी केलेली जिजाई खमंग, कष्टाळू, तोंडाळ आणि खरी. चित्रपटभर ती देवाशी भांडते, नवऱ्याशी भांडते, आणि मुलांच्या पोटाची काळजी सोडीत नाही. नवरा वैकुंठाला निघाला तरी संसार टाकून निघणारी ती बाई नव्हे. विमान आकाशात जाते आणि जिजाई पृथ्वीवर राहते. भाविक प्रेक्षकाला मोक्ष दिसला, तो तृप्त झाला. परंतु त्याच प्रेक्षकाच्या घरात चूल पेटवावयाची होती, आणि चुलीचा प्रश्न वैकुंठाने सुटलेला नाही ही गोष्ट जिजाईच्या रडवेल्या मुद्रेने त्याला एका अक्षराचाही उपदेश न करता सांगितली. संतचरित्राच्या अखेरीस संताइतकेच वजन संसाराला देणारी ही दृष्टी दिग्दर्शकांनी ठरवून आणली की गौरीबाईंच्या अंगभूत सामर्थ्याने ती आपोआप आली, याचा निर्णय मी करीत नाही. ती तिथे आहे एवढे पुरे.

त्याच संस्थेचा, शांतारामबापूंचा 'कुंकू' (१९३७) हा विचाराने याहून कितीतरी धीट. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा बोलपट जरठ-बाला विवाहाच्या प्रथेवर जो घाव घालतो त्याची धार आजही बोथट झालेली नाही. शांता आपटे यांची नीरा वृद्ध पतीला पती म्हणून मान्य करण्याचे साफ नाकारते, आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब हळूहळू स्वतःच्या अपराधाला सामोरे जातात. पण शेवट? काकासाहेब आत्मघात करतात आणि नीरेने पुढे काय करावे याचे पत्र ठेवून जातात. मागे उरलेल्या स्त्रीला स्वातंत्र्य मिळाले खरे, पण ते मृत पतीच्या हुकूमनाम्याने मिळाले. जिने दोन तास कोणाची आज्ञा मानली नाही, तिच्या हातात अखेरीस एक आज्ञापत्रच द्यावे, ही मला त्या थोर चित्रपटातली एकमेव हार वाटते. उरलेल्या माणसासमोरची पोकळी पत्राने भरून काढली, की प्रेक्षकालाही त्या पोकळीत डोकावण्याचे कारण राहत नाही.

'शेजारी' (१९४१) याविषयी थोडक्यातच लिहितो. हिंदू पाटील आणि मुसलमान मिर्झा हे वैर आलेले मित्र धरण फुटते त्या वेळी एकमेकांचा हात धरून मरतात. धरणाच्या शेजाराला राहणाऱ्याने हा बोलपट पावसाळ्यात पाहू नये, हे खरे. पण तो पाहिल्यावर मनात राहते ती या दोघांच्या मागे उरलेल्या गावाची जबाबदारी, आणि पुढील सहाच वर्षांत देशाने जे पाहिले ते ठाऊक असलेल्या आजच्या प्रेक्षकाला ती दुप्पट जड वाटते. 'पिंजरा'त (१९७२) तर मागे उरतो तो एक पुतळा. तमासगिरिणीच्या मोहात पडलेला आदर्श शिक्षक मेला असे समजून गाव त्याचा पुतळा उभारते, आणि तोच शिक्षक दुसऱ्या नावाने स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली मृत्युदंड पत्करतो, जेणेकरून दगडाला तडा जाऊ नये. डॉ. श्रीराम लागूंच्या त्या मास्तरापेक्षा मला भय वाटते ते त्या पुतळ्याला रोज हार घालणाऱ्या निरागस गावाचे. शांतारामबापूंना बहुधा मास्तरांचा त्याग दाखवावयाचा होता. माझ्यासारख्या संशयी प्रेक्षकाने त्यातून गावाची फसवणूक वाचली, तर त्याची तक्रार कोणी कोणाकडे करावी?

उरलेल्याला किती ठाऊक आहे, हा जो कसोटीचा दुसरा भाग मी वर सांगितला, त्याचे एक टोक 'सिंहासन' (१९७९) या चित्रपटात सापडते. अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा रचली आणि डॉ. जब्बार पटेलांनी ती दिग्दर्शित केली. मुख्यमंत्री आणि त्यांना खाली खेचू पाहणारा अर्थमंत्री यांचा झगडा ऐन रंगात आला असता दोघांचा समेट होतो, खुर्च्या फिरून मांडल्या जातात, राज्य पूर्ववत चालू लागते. या सर्व व्यवहाराचे दप्तर ज्याच्या डोक्यात आहे असा एकच मनुष्य त्या कथेत आहे: पत्रकार दिगू टिपणीस. निळू फुले यांनी हा माणूस पुष्कळसा नुसत्या डोळ्यांनी रंगविला आहे. अखेरीस तो रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. त्याला सर्व ठाऊक आहे आणि त्या ठाऊक असण्याचा काही उपयोग नाही. आपण वर्तमानपत्र वाचणारी माणसे त्याच्याच जातीची आहोत, म्हणून ते हसणे ऐकवत नाही. याच्या दोनच वर्षे आधी, 'जैत रे जैत'मध्ये, पटेलांनी ठाकरांच्या नाग्याला राणीमाशीवर विजय मिळवून दिला आणि त्याच झटापटीत चिंधी त्याच्यापासून हिरावून घेतली. तिथेही जिंकलेला आणि उरलेला एकच आहे, आणि जिंकल्याचे सांगावयाचे कोणाला हे त्याला कळत नाही.

आता पवईचे स्वतःचे म्हणावे असे एक उदाहरण. नितेश तिवारी हे इथल्या आयआयटीचे माजी विद्यार्थी. त्यांनी २०१९ साली 'छिछोरे' हा हिंदी चित्रपट काढला, आणि कथेत संस्थेचे नाव बदललेले असले तरी चित्रीकरण पुष्कळ अंशी याच आवारात केले. प्रवेशपरीक्षेत अपयश आल्यामुळे जिवावर उदार झालेला एक मुलगा इस्पितळात पडला आहे, आणि त्याचा बाप आपल्या जुन्या वसतिगृहातील सोबत्यांना गोळा करून, आपण सारे एके काळी कसे पराभूत होतो याची हकीकत त्याला सांगत बसतो. हकीकतीच्या शेवटी ही मंडळी जिंकत नाहीत, हरतात. मुलगा मात्र वाचतो, आणि पुढे महाविद्यालयाची पायरी चढतो. चित्रपट म्हणून तो मध्यम प्रतीचा आहे, त्यातील विनोद ठिकठिकाणी वसतिगृहाबाहेर न आणण्याच्या लायकीचा आहे. पण पराभवाची गोष्ट सांगून माणूस जगवावयाचा ही त्याची योजना सच्ची आहे, आणि परीक्षांच्या निकालांचे दिवस या परिसरात कसे जातात हे ज्याने पाहिले आहे त्याला तिची थट्टा करवणार नाही.

या चित्रपटात बापाची भूमिका सुशांतसिंह राजपूत यांनी केली होती. १४ जून २०२० रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर जो गदारोळ माजला त्याच्याशी मला कर्तव्य नाही. मला सांगावयाचे ते इतकेच, की त्या दिवसापासून या चित्रपटाचा शेवट, त्यातील एक चौकटही न बदलता, बदलला. आधी मुलगा वाचला म्हणून आपण निश्चिंत होऊन उठत होतो. आता पडद्यावरचा मुलगा आणि पडद्याबाहेरचे आपण, असे दोघेही मागे उरलेले आहोत, आणि जगण्याविषयी ज्याचे बोलणे ऐकले तो माणूस नाही. सुखान्त आणि दुःखान्त या वर्गवारीत हा शेवट कुठे बसवावयाचा? पटकथेत तो सुखाचाच आहे. शेवटाची जागा पडद्यावर नसून प्रेक्षकाच्या ठिकाणी असते, याचा इतका क्रूर पुरावा कोणत्याही सिद्धान्तकाराने मागितला नसता.

एकच कथा दोन शेवटांनी सांगितली गेल्याचे उदाहरण मिळणे टीकाकाराला दुर्मिळ. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने (२०१६) ती सोय करून ठेवली आहे. आर्ची आणि परश्या पळून हैदराबादेस येतात, हाल सोसतात, संसार उभा करतात, त्यांना मूल होते. माहेरची माणसे भेटी घेऊन दारात येतात. मूल त्या वेळी शेजारणीबरोबर बाहेर आहे. ते परत येते तेव्हा आईबाप रक्ताच्या थारोळ्यात पडलेले आहेत, आणि ते अजाण लेकरू रडत बाहेर वळते तेव्हा त्याच्या पावलांचे लाल ठसे जमिनीवर उमटत जातात. आवाज कोणताही नाही. अजय-अतुल यांनी ज्या चित्रपटासाठी अमेरिकेत जाऊन मोठा वाद्यवृंद वापरला, आणि ज्याच्या गाण्यांवर महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत लोक खुर्च्या सोडून नाचले, त्याच चित्रपटाच्या अखेरीस ध्वनीचा पुरवठा एकाएकी बंद करणे यात केवढा हिशेब आहे! आधी इतके संगीत दिले नसते तर त्या शांततेला एवढी किंमत आली नसती.

याच कथेची हिंदी आवृत्ती 'धडक' (२०१८) या नावाने निघाली. तीत हत्या आहे, क्रौर्य आहे, नातलगांचा विश्वासघात आहे. फरक इतकाच, की तीत नवरा आणि मूल यांना सज्ज्यावरून फेकले जाते आणि नायिका जिवंत राहून आक्रोश करते. धक्का कमी नाही, कदाचित अधिकच आहे. तरीही तो शेवट दुसऱ्या दिवशी सकाळी सोबत नसतो. उरलेल्या त्या स्त्रीला सर्व कळले आहे, ती पुरते रडते आहे, आणि तिने रडून घेतल्यावर आपल्या वाट्याला काही शिल्लक राहत नाही. 'सैराट'मधल्या लेकराला मात्र काहीच कळलेले नाही. ते रडते, पण कशासाठी हे त्याला ठाऊक नाही. जे त्याला कळलेले नाही ते सर्व आपल्याला कळलेले आहे, आणि ते त्याला कधीतरी कोणीतरी सांगणार आहे. कोण सांगणार, कोणत्या शब्दांत, आणि त्या दिवशी ते मूल आपली जात कोणती म्हणून सांगेल? चित्रपटाने न विचारलेला हा प्रश्न प्रेक्षक आपल्या पायांनी घरी घेऊन जातो. दिगू टिपणिसाचे टोक ते हे नव्हे. हे दुसरे टोक.

शेवट बदलल्याने काय होते याचा सरकारी नमुना 'शोले'त सापडतो. रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेल्या मूळ शेवटात हात नसलेला ठाकूर आपल्या पायांनीच गब्बरसिंगाचा प्राण घेतो. १९७५ च्या आणीबाणीच्या दिवसांत, सेवानिवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घेतलेला अभ्यवेक्षण मंडळास मानवला नाही, आणि ऐन वेळी पोलीस येऊन आरोपीस ताब्यात घेतात असा प्रसंग दाखल करण्यात आला. सूड घेऊन रिता झालेला ठाकूर मागे उरावयाचा, त्याऐवजी कायद्याची अब्रू उरली. चित्रपट त्यामुळे बुडाला नाही, कारण त्याचा खरा शेवट मंडळाच्या नजरेतून निसटला होता: जयच्या मृत्यूनंतर विधवा राधा आपल्या खिडकीचे दार लावून घेते. एवढ्या गोळीबाराच्या चित्रपटात ते दार लावणे ज्यांच्या लक्षात राहिले आहे, अशी पुष्कळ माणसे मला भेटली आहेत.

मंजुळे यांचाच 'फँड्री' (२०१३) या कसोटीला एक पायरी पुढे नेतो. कैकाडी कुटुंबातला जब्या गावाच्या देखत डुकरे धरण्यास लावला जातो. ज्या मुलीवर त्याचे मन जडले तीही पाहणाऱ्यांत आहे. डुक्कर हाती लागणार तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, आणि ते कुटुंब जागच्या जागी निश्चल उभे राहते. डुक्कर मात्र उभे राहत नाही. महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत खेळापूर्वी राष्ट्रगीत वाजविण्याची रीत २००३ पासून आहे, म्हणजे हे दृश्य पाहणारा प्रेक्षक स्वतः थोड्याच वेळापूर्वी तसाच उभा राहून बसलेला असतो. पुढे शिकार खांद्यावर घेऊन ती माणसे निघतात तेव्हा मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, शाहू यांची चित्रे आहेत, आणि अखेरीस छळणाऱ्यांवर दगड भिरकावणारा जब्या एक दगड थेट आपल्या रोखाने फेकतो. पडदा काळा होतो.

या दगडाला पूर्वज आहे. श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'मध्ये (१९७४) एक लहान मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतो आणि पडदा लाल होतो. पण तो दगड जमीनदाराच्या रोखाने जातो. आपण मुलाच्या बाजूला उभे राहून त्याला शाबासकी देऊ शकतो, आणि शाबासकी देऊन मोकळे होऊ शकतो. जब्या ती सवड ठेवीत नाही. याहून जुना पूर्वज अमेरिकेत आहे: १९०३ च्या 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' या लघुपटात एक दरोडेखोर प्रेक्षकांवर पिस्तूल झाडतो, हा तुकडा आरंभी लावावा की अखेरीस, याची मुभा चित्रपटगृहाच्या मालकाला दिलेली होती. जो शेवट आरंभी लावता येतो तो शेवट नव्हे, ती गंमत. जब्याचा दगड आरंभी लावून पाहावा. त्या वेळी प्रेक्षकाकडे त्या मुलाचे काहीच येणे निघत नसेल. शेवटी लागतो तो तासाभरात थकलेल्या बाकीची वसुली म्हणून, आणि उरतो तो एकटा प्रेक्षक, कारण जब्याने आपल्याला त्याच्या बाजूच्या माणसांतून काढून टाकले आहे.

या सर्वांवर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कॅमेरा जाणाऱ्याबरोबरच निघून गेला, तर? चॅप्लिन 'मॉडर्न टाइम्स'च्या (१९३६) अखेरीस आपल्या सोबतिणीसह रस्त्याने चालू लागतो. 'प्यासा'तला (१९५७) कवी गुलाबोला घेऊन ते शहर सोडतो. आणि 'उंबरठा'मधली (१९८२) सुलभा महाजन घर सोडून आगगाडीत बसते. मागे उरलेले कोणी आपल्याला दाखविलेच जात नाही, आणि तरी हे शेवट दुबळे आहेत असे कोण म्हणेल? पहिल्या दोघांपुरता मी आक्षेप मान्य करून टाकतो. त्या दोन्ही ठिकाणी दोघे मिळून जात आहेत, आणि दोघांची वाट पाहून मन हलके होते, मग ती कुठेही जावो. 'उंबरठा'चे तसे नाही. स्मिता पाटील यांची सुलभा महिलाश्रमाच्या अधीक्षकपदावरून विदीर्ण होऊन परतते, तेव्हा घरात सारे जागच्या जागी आहे. फक्त तिची जागा नाही, कारण पतीने दुसऱ्या स्त्रीशी संबंध जोडला आहे आणि तो ते शांतपणे सांगतो. गिरीश कर्नाडांनी हा पती खलनायक होऊ दिलेला नाही, आणि तिथेच घात आहे. तो सुशिक्षित आहे, मवाळ आहे, पत्नीला नोकरी करू देणारा आहे. १९८२ साली हा चित्रपट पाहावयास आलेला मध्यमवर्गीय गृहस्थ नेमका तसाच होता. सुलभा ज्या घराला मागे टाकून गेली ते घर पडद्यावर दाखविण्याची जरुरी नव्हती; ते तिकिटे काढून समोर येऊन बसलेले होते.

शेवटी 'कोर्ट' (२०१४) विषयी, कारण गेल्या कैक वर्षांत इतका निष्ठुर शेवट मी पाहिलेला नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा, की त्यांचे गाणे ऐकून एका गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली. वीरा साथीदार यांनी हे शाहीर उभे केले आहेत. तारखा पडतात, साक्षी होतात, खटला खोटा ठरू पाहतो, नवा गुन्हा दाखल होतो, आणि उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर असल्यामुळे आरोपी जामिनावाचून आतच राहतो. न्यायालय उठते. कर्मचारी खिडक्या लावतात, दिवे मालवतात, दालनात काळोख होतो, आणि तो काळोख इतका वेळ टिकतो की चित्रपट संपला असे कोणालाही वाटावे. घाटकोपरला मी तो पाहिला तेव्हा काही मंडळी खरोखरच उठून वाटेत उभी राहिली होती. मग पडदा पुन्हा उजळला. न्यायमूर्ती सदावर्ते कुटुंबासह सहलीला आले आहेत. बोलण्यात अडचण असलेल्या एका मुलाविषयी ते त्याच्या बापाला नाव बदलण्याचा आणि खडा वापरण्याचा सल्ला देतात. दुपारी बाकावर त्यांचा डोळा लागतो. पोरे ओरडून त्यांना दचकवितात. ते हाती लागलेल्या पोराच्या थोबाडीत देतात, आणि पुन्हा पेंगू लागतात.

शाहीर कांबळे यांचे पुढे काय झाले? सांगितलेले नाही. मागे उरले आहेत ते न्यायमूर्ती, आणि त्यांच्यापाशी दुष्टपणाचा लवलेश नाही. खडे आणि अंकशास्त्र यांवर विश्वास ठेवणारा हा एक झोपाळू कुटुंबवत्सल गृहस्थ आहे, ज्याला कोणी जागे केले तर राग येतो. काळोखावर चित्रपट संपविला असता तर प्रेक्षकाला व्यवस्थेविषयी एक गंभीर, देखणे दुःख मिळाले असते, आणि ते घेऊन तो समाधानाने जेवावयास गेला असता. ताम्हाणे यांनी ते दुःख हाताशी देऊन पुन्हा काढून घेतले.

हाच चित्रपट अलीकडे घरी, दूरचित्रवाणीच्या संचावर, माझ्या पुतण्याला दाखविला. तो इथल्याच संस्थेत शिकतो. न्यायालयातले दिवे मालवले गेले तेव्हा तो उठला नाही, कारण चित्राखालच्या पट्टीवर अजून काही मिनिटे शिल्लक असल्याचे त्याला दिसत होते. घरच्या पडद्यावर संपल्यासारखे वाटण्याची सोयच राहिलेली नाही. त्या मिनिटांत नारायण कांबळे यांची सुटका होईल, निदान वरिष्ठ न्यायालयाचा काही हुकूम येईल, अशा भरवशाने तो बसून राहिला, आणि त्याच्या वाट्याला न्यायमूर्तींची दुपारची झोप आली. "काका, एवढ्यासाठी मला थांबवलंत?" असे म्हणून तो चिडून उठला. पुढची नावे सुरू होताच यंत्राने त्यांचा एक चतकोर कोपऱ्यात सारून दुसरा चित्रपट लावण्याची तयारी चालविली होती. ती बंद करून मी त्याला विचारले, की तो नेमका कोणावर चिडला आहे, दिग्दर्शकावर की सदावर्त्यांवर. त्यावर आमचे जेवण होईपर्यंत भांडण झाले, आणि त्याचे उत्तर त्याने अद्याप दिलेले नाही.